मागच्या आसनावरील माणूस

‘फादरांच्या गाडीपेक्षा रिक्षा बरी.’ आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध मावशींचे हे उद्गार माझ्या कानी आले, तेव्हा मला प्रथम हसू आले आणि मागाहून थोडा रागही आला. या मावशी सत्तरी ओलांडलेल्या. पाठीच्या मणक्याचा त्यांना जुना विकार आहे. दर पंधरा दिवसांनी सोमवारी त्यांना रुग्णालयात जावे लागते. माझीही त्याच दिवशी शहराकडे खेप असते. तेव्हा ‘मावशी, माझ्याबरोबर चला’ असे मीच त्यांना सुचविले होते आणि सुमारे दोन वर्षे हा क्रम चालू होता. पुढे त्या टाळू लागल्या. एकदा भाचा येणार होता, एकदा तारीख बदलली होती, एकदा सून सोबत होती. चार महिने हे असेच चालले. त्यांच्या यजमानांच्या पुण्यतिथीची मिस्सा मी एक दिवस पुढे ढकलली होती, त्याचा राग त्यांनी मनात धरला असावा, असा निष्कर्ष मी काढला आणि मनातल्या मनात त्यांना क्षमाही करून टाकली. न झालेल्या अपराधाची क्षमा करण्यात आम्हां धर्मगुरूंचा हातखंडा असतो.

हा निरोप मला दिला तो चर्चच्या विहिरीवरील पंप दुरुस्त करायला आलेल्या एका तरुणाने. आय.टी.आय. शिकलेला, एका वर्कशॉपमध्ये नोकरी करणारा, स्पष्टवक्ता मुलगा. बोलण्याच्या ओघात तो हे वाक्य बोलून गेला आणि मग ओशाळला. ‘अरे, पण गाडीला झाले काय?’ असे मी विचारताच तो हात पुसत अंगणात गेला, गाडीच्या मागील कोपऱ्यावर दोन्ही तळहात ठेवून त्याने सगळे वजन खाली रेटले आणि एकदम सोडून दिले. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. पाळण्याला झोका देऊन सोडावे तशी ती कितीतरी वेळ हलत राहिली. 

‘फादर, मागचे शॉकअप गेलेत. आजचे नाहीत, कधीचेच गेलेत.’

‘मला तर काहीच जाणवत नाही रे.’

‘तुम्ही पुढे बसता ना,’ तो म्हणाला.

हे वाक्य त्या मुलाने कोणताही खोचकपणा न करता, केवळ यंत्रशास्त्रातील एक वस्तुस्थिती म्हणून उच्चारले होते. परंतु त्यानंतरचे काही दिवस ते माझा पिच्छा सोडीना. जे आपल्याला जाणवतच नाही, त्याचा दोष आपल्यावर येतो काय, हा प्रश्न मी सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला शिकलो आहे, त्यावर परीक्षेत उत्तर लिहिले आहे आणि बरे गुणही मिळविले आहेत. अंगणात उभ्या असलेल्या गाडीने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा ते उत्तर पुरेसे वाटेना.

प्रथम गाडीविषयी सांगितले पाहिजे. ती प्रीमियर पद्मिनी आहे, १९९५ सालची. एका कुटुंबाची मुले परदेशी स्थायिक झाल्यावर त्यांनी ती धर्मग्रामाला दिली आणि माझ्या आधीच्या दोन धर्मगुरूंच्या हातून ती माझ्याकडे आली. नव्या वाचकांना आता सांगावे लागेल, की ही गाडी मूळची इटलीची ‘फियाट ११००’. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून ती ‘डिलाइट’ या नावाने तयार होऊ लागली आणि १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरअखेर नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांचीच मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून नाहीशी झाली. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते, आणि आमची गाडी ती परीक्षा उत्तीर्ण होत आलेली आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती निर्दोष होती. ही गोष्ट मी पहिले दोन-तीन दिवस स्वतःला बरेच वेळा ऐकवली.

‘शॉक ॲब्सॉर्बर’ हे नावच वस्तुतः फसवे आहे. खड्ड्याचा धक्का हा भाग शोषून घेत नाही. तो धक्का झेलते ती स्प्रिंग. पद्मिनीच्या मागच्या आसाला एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या कमानी असतात, चाक खड्ड्यात गेले की त्या वाकतात आणि पुन्हा पूर्ववत होतात. परंतु स्प्रिंगला थांबणे ठाऊक नसते. एकदा दाबली गेली, की ती उसळते, मग खाली जाते, पुन्हा उसळते. तिचे हे हेलकावे शांत करणे एवढेच शॉकअपचे काम. एका नळीत तेल भरलेले असते, त्यात एक दट्ट्या खालीवर होतो आणि दट्ट्यातील बारीक छिद्रांतून तेलाला वाट काढीत जावे लागते. तेलाच्या या ओढाताणीत हेलकाव्याची शक्ती उष्णता होऊन विरून जाते. खडबडीत रस्त्यावरून लांबचा प्रवास झाल्यावर चांगल्या शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो. निकामी झालेला मात्र थंडच असतो, कारण त्याने काहीच केलेले नसते.

हा भाग एका दिवशी मोडत नाही. नळीच्या तोंडाचे रबर झिजते, तेल थेंबाथेंबाने पाझरते, दट्ट्याच्या झडपा सैल होतात. आज कालच्यापेक्षा इतकी थोडी अधिक गाडी हलते, की कालची आठवण ठेवणाऱ्यालाही फरक कळू नये. शिवाय पाट्यांच्या स्प्रिंगचा एक गुण येथे घातक ठरतो. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने हेलकावा थोडाफार आपोआप मंदावतो. जुन्या काळी तर बहुतांशी या घर्षणावरच काम भागविले जाई. त्यामुळे शॉकअप पूर्ण निकामी झाला तरी पद्मिनी एकाएकी उधळत नाही. पाटे बिचारे आपले काम सांभाळून दुसऱ्याचेही थोडे उचलतात आणि त्या भलेपणामुळेच बिघाड झाकला जातो. हे वाचताना कित्येक वाचकांना आपल्या घरातील एखादी सून वा एखादा थोरला भाऊ आठवेल. मला आठवल्या आमच्या चर्चच्या वृद्ध मदतनीस बाई. पण तो विषय निराळा.

आणि पुढे बसणाऱ्याला का जाणवत नाही? चालक पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध बसलेला असतो. मागचे टोक वर-खाली होते तेव्हा तो जणू फळीच्या झोपाळ्याच्या मध्यावर असतो. मागचे आसन मात्र मागच्या आसाच्या अगदी लगत आहे. तिथला माणूस त्या फळीच्या टोकावर बसलेला असतो. चालकाच्या हातात चाक असते, त्याला खड्डा आधी दिसतो, त्याचे अंग नकळत सावरून बसते. मागच्याला पुढच्या आसनाची पाठ तेवढी दिसते. एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर, एकाच वेळी दोघे दोन निरनिराळे प्रवास करीत असतात.

हे पडताळून पाहावे म्हणून मी त्या मुलाला गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः मागे, डाव्या बाजूला, मावशी बसत त्या जागी बसलो. ही गाडी नऊ वर्षे माझ्याकडे आहे आणि तिच्या मागच्या आसनावर मी त्या दिवशी प्रथम बसलो. आम्ही नेहमीच्या रस्त्याने स्टेशनपर्यंत जाऊन आलो. पहिल्याच मोरीवर माझे डोके छताला लागता लागता राहिले. एका धक्क्याचे मला चार धक्के मिळत होते. खाली बसावे तो गाडी वर येई, वर जावे तो ती खाली जाई. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आले, की माझा हात आपोआप पुढच्या आसनाच्या काठावर गेला आहे आणि बोटे तो काठ घट्ट धरून आहेत. तेव्हा मला आठवले, की मावशींचा हात नेहमी तिथेच असे. माझ्या खांद्याच्या मागे. मला वाटे, बोलायला सोयीचे जावे म्हणून त्या पुढे झुकून बसतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात अज्ञानाचा विचार केला आहे. अजाणता घडलेले कृत्य ऐच्छिक म्हणता येत नाही, असे तो मानतो. पण जिथे अज्ञानाचे मूळच माणसाच्या हाती होते, तिथे कायदा अज्ञानाबद्दलही शिक्षा करतो, हे तो दाखवून देतो. दारूच्या नशेत अपराध करणाऱ्याला त्या काळी दुप्पट दंड असे, कारण नशा करणे वा न करणे त्याच्या हाती होते. निष्काळजीपणाने आलेले अज्ञानही तो त्याच रांगेत बसवितो. संत थॉमस अक्वायनस यांनी हे सूत्र पुढे नेले. जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते आणि जे जाणून घेणे आपल्याला शक्य होते, ते न जाणणे हा दोष आहे. जे जाणून घेणे शक्यच नव्हते, ते न जाणणे हा दोष नव्हे. सेमिनरीत आम्ही याला टाळता येणारे आणि न टाळता येणारे अज्ञान म्हणत असू.

हे सूत्र सरळ दिसते, पण ते जसेच्या तसे लावायला गेल्यास माणसाचे जगणे अशक्य होईल, असा आक्षेप येऊ शकतो आणि तो मला हलका वाटत नाही. गाडीत झिजणारे भाग किती आहेत! घरात, संसारात, धर्मग्रामात त्याहून किती! मला काय काय ठाऊक नाही याचा शोध घेत बसलो, तर हातातले काम कधी करणार? पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूंना अशी माणसे भेटतात, जी न केलेल्या, न कळलेल्या, शक्यता म्हणून उरलेल्या दोषांनी स्वतःला पोखरून काढतात. त्यांना आपण धीर देतो. घरी जा, शांत झोपा, असे सांगतो. मग मागच्या शॉकअपबद्दल एवढा ऊहापोह कशासाठी?

मला वाटते, फरक खुणांचा आहे. निराधार शंका आणि डोळ्यांसमोरची खूण या दोन निराळ्या वस्तू आहेत. नळीवर तेलाचा काळा ओघळ होता व त्यावर धूळ बसून त्याची जाड पुटे झाली होती. मागच्या टायरवर एकसारखी झीज नसून ठिकठिकाणी खळगे पडले होते. चाक जमिनीवर सतत न टेकता उड्या मारीत चालले, की असे होते. टायरमध्ये हवा मी स्वतः भरून घेतो, म्हणजे ते खळगे मी पाहिलेले आहेत. आणि कोपरा दाबून सोडण्याची ती परीक्षा! तिला अर्धा मिनिट लागतो, पैसा लागत नाही, हत्यार लागत नाही. जितकी तपासणी सोपी तितकी ती न केल्याची सबब दुबळी, असा एक नियम मांडता येईल.

येथवर लिहून मी थांबलो असतो, तर हा लेख बराच सभ्य झाला असता. परंतु एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. दोन वर्षांपूर्वी याच गाडीचे पुढचे शॉकअप मी बदलून घेतले होते. पुढून खटखट आवाज येई, स्टिअरिंग हाताला झटके देई, त्यामुळे मी तत्परतेने गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी काम झाल्यावर विचारले होते, ‘फादर, मागचेही पाहू का?’ आणि मी म्हणालो होतो, ‘राहू द्या. मागे रोज कोण बसते?’

हे वाक्य मला त्या मुलाशी बोलताना आठवले नाही. मागे बसून आल्यावरही आठवले नाही. तिसऱ्या दिवशी रात्री, झोपण्यापूर्वी दिवा मालवताना आठवले. संत थॉमसनी अज्ञानाचा आणखी एक प्रकार सांगितला आहे, तो म्हणजे मुद्दाम पत्करलेले अज्ञान. कळले तर काहीतरी करावे लागेल, म्हणून माणूस कळूनच घेत नाही. मी हेतुपुरस्सर तसे केले असे म्हणणे कदाचित अतिशयोक्तीचे होईल. मला केवळ घरी जायची घाई होती आणि धर्मग्रामाचा पैसा वाचवावा असेही मनात होते. पण जो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता आणि जो प्रश्न विचारल्यावर मी बाजूला सारला, त्या दोन अज्ञानांना एकाच नावाने संबोधणे मला जमत नाही. पुढचे शॉकअप मी बदलले, कारण त्यांचा त्रास मला होत होता. मागचे बदलले नाहीत, कारण त्यांचा त्रास दुसऱ्याला होत होता. हिशेब इतका सरळ आहे.

यात केवळ मावशींच्या पाठीचा प्रश्न असता तर एक वेळ ठीक. पण शॉकअप गेलेल्या गाडीचे चाक उसळते तेव्हा ते क्षणभर रस्ता सोडते. आणि जे चाक रस्त्यावर नाही त्याला ब्रेक लावून उपयोग नसतो. खडबडीत रस्त्यावर अशी गाडी उशिरा थांबते, वळणावर तिचे मागचे टोक बाहेर सरकू पाहते. याच गाडीतून मी आमच्या वेदीसेवक मुलांना सामन्यांसाठी नेलेले आहे, मागे चार-चार जण कोंबून. काहीही अघटित घडले नाही. देवाची कृपा, असे आपण म्हणतो आणि पुढे जातो. अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस नेगल यांनी १९७६ मधील एका निबंधात नेमके असेच उदाहरण घेतले होते. एका ट्रकचालकाने ब्रेक तपासून घेण्यात हयगय केली आणि रस्त्यात एक मूल आडवे आले. त्याचा अपराध आयुष्यभर त्याला जाळील. तेवढीच हयगय दुसऱ्याने केली, पण त्याच्या वाटेत मूल आलेच नाही, तर त्याला फारसे काही वाटणार नाही. हयगय तीच, नशीब तेवढे निराळे. मग दोष कशावरून मोजायचा, कृत्यावरून की परिणामावरून? नेगल या पेचातून सहजासहजी सुटका करून देत नाहीत. मलाही ती करता येत नाही. पण त्या चार मुलांचे चेहरे मला ठाऊक आहेत, आणि कुणाचेही काही बिघडले नाही म्हणून माझ्या बाजूने हिशेब कोरा झाला, असे त्यांच्याकडे पाहून मला म्हणवत नाही.

मावशी काहीच बोलल्या नाहीत, याचाही विचार करायला हवा. त्या बोलल्या असत्या तर मी त्याच आठवड्यात दुरुस्ती केली असती, याविषयी मला शंका नाही. मग त्यांच्या मौनाने माझा भार हलका होतो काय? मी प्रत्येक खेपेला त्यांना विचारीत असे, ‘मावशी, त्रास नाही ना होत?’ आणि त्या म्हणत, ‘बरे आहे, फादर.’ कागदोपत्री ही त्यांची संमतीच झाली. पण जिच्यासाठी कोणी फुकट गाडी आणतो, तिने त्या गाडीचे दोष काढायचे कसे? त्यातही गाडी फादरांची. आमच्या वसईकडच्या जुन्या पिढीने धर्मगुरूंपुढे जो अदबशीर स्वर शिकून घेतला आहे, त्यात ‘बरे आहे’ याशिवाय दुसरे उत्तर बसत नाही. तो आदर मी वर्षानुवर्षे आनंदाने स्वीकारला आहे. त्याच आदराने माझ्यापर्यंत सत्य पोहोचण्याची वाट बंद केली असेल, तर ती वाट मी बंद केली नाही असे मला कसे म्हणता येईल? त्यांनी शब्दांनी सांगितले नाही, रिक्षाने जाऊन सांगितले. ते मला वाचता आले नाही, उलट त्यावर मी माझीच कथा रचली.

दुरुस्ती घरीच करायची, असे मी ठरविले. गॅरेजमध्ये दिली असती तर काम लवकर आणि सफाईदार झाले असते, हे मान्य. पण पैसे देऊन मोकळे होणे मला त्या वेळी नको होते. हे थोडे भावनिक आहे, याचीही मला जाणीव आहे. माझ्या आजोबांकडे बैलगाडी होती. केळीचे घड आणि भाजी घेऊन ते स्टेशनवर जात. धुऱ्याला वंगण घालण्याचे काम ते कोणावर सोपवीत नसत.

शॉकअपची जोडी कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात मिळाली. गाडी जन्मली त्या कारखान्याच्याच परिसरात. आदल्या सायंकाळी त्या मुलाने सगळे नट तारेच्या ब्रशने घासून त्यांवर गंज सोडविणारे तेल सोडले. सकाळची मिस्सा आटोपल्यावर धर्मगुरू निवासामागील सिमेंटच्या सपाट जागेत आम्ही काम सुरू केले. त्याने प्रथम पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. मी हँडब्रेक ओढला, तर तो हसला. पद्मिनीचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, गिअरही मागच्याच चाकांना धरतो. मागची चाके उचलली, की दोन्ही निरुपयोगी. गाडी रोखून धरायला ते दगडच खरे. मग आसाखाली जॅक देऊन गाडी उचलली आणि दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड ठेवून त्यांवर टेकवली. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरू नये, हे त्याने मला दोनदा बजावले. माझ्याकडून कुणीतरी काही दोनदा वदवून घ्यावे, असा प्रसंग बऱ्याच दिवसांनी आला.

उजवीकडचे नट निघाले. डावीकडचा खालचा नट काही केल्या हलेना. रिंग पाना लावून, त्यात पाइप अडकवून जोर केला, तेव्हा तो फिरला खरा, पण बोल्टसकट तुटूनच. उरलेला तुकडा हॅकसॉने कापून काढण्यात जवळजवळ तास गेला. त्यातला निम्मा वेळ करवत माझ्या हातात होती, आणि गंजाचा बारीक भुगा माझ्या डोळ्यांत जात होता.

जुने शॉकअप बाहेर काढून आम्ही दाबून पाहिले. उजवीकडच्यात थोडा विरोध शिल्लक होता. डावीकडचा तर एका बोटाने आत गेला आणि तिथेच राहिला. मावशी बसत ती बाजू. डावीकडचाच का आधी गेला, याचे कारणही त्या मुलाने सांगितले: आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो आणि आपल्याकडे रस्ता आधी कडेलाच फुटतो. मी म्हणालो, ‘उजवा अजून थोडा चालेल की. एकच बदलू, दुसरा ठेवून देऊ.’ बचतीची सवय अशी सहज सुटत नाही. तो म्हणाला, ‘जोडीनेच बदलायचे, फादर. एक बाजू लवकर थांबते, दुसरी हलत राहते. गाडी तिरकी खेचते.’

नवे शॉकअप बसविण्यापूर्वी त्याने ते उभे धरून पुष्कळदा ओढले आणि दाबले, आडवे पडून राहिल्याने तेलात शिरलेली हवा निघून जावी म्हणून. नट हाताने बसवले, पान्याने बेताचेच आवळले. शेवटचे आवळणे मात्र त्याने गाडी खाली उतरवून, चाके जमिनीवर टेकल्यावर केले. कारण टोकांना रबराचे बुश असतात. गाडी अधांतरी असताना ते आवळले, तर पुढे वजन पडताच रबर पिळवटते आणि लवकर फाटते. वजन अंगावर असतानाच त्याला त्याची जागा ठरवू द्यावी लागते. म्हणून मला आणि आमच्या मदतनीस बाईंना मागे बसवून तो खाली शिरला. बाई प्रथमच त्या गाडीत बसल्या होत्या. ‘फादर, आसन मऊ आहे हो,’ त्या म्हणाल्या. नऊ वर्षांत त्यांना कुठे पोहोचवावे असे मला सुचले नव्हते, हेही त्या निमित्ताने नोंदले गेले.

जुन्या नळ्यांतले उरलेसुरले तेल आम्ही डब्यात काढून भंगारवाल्याकडे दिले. निवासामागेच बावखल आहे, तिच्यात तेलाचा एक थेंबही जाता कामा नये. आता कोपरा दाबून सोडला की गाडी वर येते आणि थांबते. ते पाहण्यासाठी मी पुढचे दोन दिवस येता-जाता उगाचच कोपरा दाबीत होतो.

मग मी मावशींकडे गेलो. क्षमा मागावी की न मागावी, याचा मी वाटेत बराच विचार केला. माझी क्षमायाचना त्यांच्यावर आणखी एक ओझे टाकणार, हे उघड होते. त्यांना मला धीर द्यावा लागला असता, आणि झालेही तसेच. मिस्त्रींना मी दिलेले उत्तरदेखील मी त्यांना सांगितले. त्या कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणाल्या, ‘असे बोलू नका, फादर. तुम्ही नेत होता हेच पुष्कळ.’ मग त्यांनी चहा ठेवला आणि विषय बदलला. पुढच्या सोमवारी येण्याचे त्यांनी कबूल केले, पण त्यानंतरच्या खेपांविषयी काही बोलल्या नाहीत. रिक्षावाला शेजारचाच होतकरू मुलगा आहे, त्यालाही त्यांनी शब्द दिलेला आहे.

सोमवारी त्या आल्या, नेहमीप्रमाणे मागे डावीकडे बसल्या. मोरी ओलांडल्यावर मी सवयीने विचारले, ‘मावशी, त्रास नाही ना होत?’

‘बरे आहे, फादर,’ त्या म्हणाल्या.

अगदी त्याच स्वरात. दोन वर्षे मी हेच उत्तर ऐकत आलो होतो, त्यामुळे त्यावरून मला काहीच कळले नाही. मी आरसा थोडा खाली वळवला. त्यांचा हात मांडीवर होता. पुढे रस्ता उखडलेला होता. पहिला खड्डा गेला, दुसरा गेला, हात तिथेच होता. तिसऱ्याच्या अलीकडे तो उचलला गेला आणि माझ्या आसनाच्या काठापर्यंत येऊन थांबला.